डार्करूम कुठे कुठे लागते: अंधार फिल्मसाठी की डोळ्यांसाठी?

प्रश्न एक्स-रे टेक्निशियनचा डिप्लोमा करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा आहे. कॉलेजात अजून डार्करूमचं प्रॅक्टिकल घेतात, पण इंटर्नशिपला गेलेल्या हॉस्पिटलात सगळं डिजिटल आहे, तिथली डार्करूम आता झाडू-बादल्या ठेवायची खोली झाली आहे. मग हे शिकायचं कशाला, आणि डार्करूम आता वापरतं तरी कोण?

मी या अंधारात एकतीस वर्षं काढली. सुरुवातीची काही पुण्यात छपाईच्या प्रोसेस स्टुडिओत, मधली काही तालुक्याच्या हॉस्पिटलात, आणि उरलेली सगळी कारखान्यांत, वेल्डिंगच्या जोडांचे एक्स-रे काढण्यात. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. डार्करूम म्हटलं की लोकांना लाल दिवा आणि ट्रेमध्ये हळूहळू उमटणारा फोटो आठवतो. तो लाल दिवा शोभेचा नसतो. कृष्णधवल फोटोच्या कागदाला निळा आणि हिरवा प्रकाश दिसतो, लाल दिसत नाही. म्हणजे आपल्याला खोलीत उजेड आहे, पण कागदाला मिट्ट काळोख. कॅमेऱ्यात घालायच्या नेहमीच्या फिल्मला मात्र सगळे रंग दिसतात, म्हणून ती रीळ काढताना लाल दिवाही बंद करावा लागतो. तेव्हा कुठल्याही डार्करूममध्ये शिरलात की पहिला प्रश्न हाच विचारायचा: इथे अंधार कुणासाठी केला आहे? मालासाठी, की माणसाच्या डोळ्यांसाठी? दोन्ही प्रकारच्या खोल्या आजही चालू आहेत आणि दोन्हींची शिस्त वेगळी आहे.

छपाईपासून सुरू करतो, कारण मी तिथून सुरू केलं. ऑफसेटच्या काळात प्रत्येक बऱ्या प्रोसेस स्टुडिओत भिंतीत बसवलेला मोठा कॅमेरा असायचा. चित्राचा बोर्ड आणि लेन्स उजेडाच्या खोलीत, कॅमेऱ्याची पाठ डार्करूममध्ये. आपण आतून पाठ उघडायची, लिथ फिल्म, म्हणजे नुसतं काळं-पांढरं उमटवणारी छपाईची फिल्म, लावायची, व्हॅक्यूम सुरू केला की फिल्म सपाट चिकटायची. वर चित्र ठिपक्यांत फोडणारी हाफटोनची स्क्रीन. लिथ फिल्मला लाल दिसत नाही म्हणून काम लाल दिव्यात. रंगीत चित्राचे चार रंग वेगळे करायचे असले की पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग दिसणारी फिल्म, आणि मग सगळा कारभार हाताच्या अंदाजावर. धुतलेल्या निगेटिव्हवर सुईच्या टोकाएवढी पारदर्शक छिद्रं राहायची, ती ब्रशने ओपेक, म्हणजे उजेड अडवणारा रंग, लावून बुजवत आम्ही दुपारच्या दुपार घालवल्या आहेत. पुढे काँप्युटरवरून थेट प्लेट निघायला लागली आणि हे खातं बघता बघता गेलं. त्याबद्दल मला फारशी हळहळ नाही. पाठ दुखायची.

जाता जाता एक आठवण द्यायला हवी. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळले ते छपाई आणि ब्लॉक बनवण्याच्या धंद्यातून. प्लेट, फिल्म, रसायनं हे सगळं त्यांच्या हातातलं होतं. 1913 सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडणं, ती धुणं ही कामं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी शिकून घेतली होती. आपल्याकडच्या डार्करूमचा इतिहास कुणी लिहायला घेतला तर पहिलं पान त्यांचं असावं.

आता हॉस्पिटल. रोंटगेनने 1895 च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले, आणि त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं एक्स-रे विभागाचं अर्धं काम डार्करूममध्येच होत होतं. सीआर-डीआर, म्हणजे फिल्मशिवायचे डिजिटल एक्स-रे, आल्यावर ते संपत गेलं, तुम्ही पाहिलंत ते खरं आहे. पण हाताने फिल्म धुताना जे कळतं ते पुढे कुठेही उपयोगी पडतं, म्हणून थोडं सांगतो.

डेव्हलपरचं, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या द्रावणाचं, तापमान 20 अंश सेल्सिअस, वेळ पाच मिनिटं, हे पुस्तकातलं वाक्य. एप्रिलमध्ये आमच्या टाकीतलं पाणी 32 अंशांवर असायचं. रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणायची आणि ती डेव्हलपरच्या टाकीभोवतीच्या पाण्यात सोडायची. डेव्हलपरमध्ये बर्फ टाकला तर द्रावण पातळ होतं, आणि हे नवा माणूस एकदा तरी करतोच. तेवढं करूनही 24-25 च्या खाली काटा यायचा नाही, मग तक्त्यात बघून वेळ कमी करायची. फिल्म हँगरच्या चार चिमट्यांत लावायची, खालचे दोन आधी, वरचे स्प्रिंगचे नंतर. बुडवताना हँगर टाकीच्या काठावर दोनदा ठोकायचा, म्हणजे फिल्मला चिकटलेले हवेचे बुडबुडे सुटतात. नाहीतर फुफ्फुसावर गोल पांढरे ठिपके दिसतात आणि डॉक्टर बिचारे विचारात पडतात. मग पाणी, मग चित्र पक्कं करणारा हायपो, मग वाहत्या पाण्यात धुणं. हायपोत विरघळलेली चांदी विकत घ्यायला माणूस यायचा, जुन्या फिल्म वजनावर न्यायचा. कित्येक दवाखान्यांत त्या पैशातून स्टाफच्या चहाचा खर्च निघायचा.

तिथला एक प्रसंग सांगतो. काही दिवस आमच्या फिल्म करड्या यायला लागल्या, म्हणजे फॉग. फिल्मचा डबा बदलला, डेव्हलपर नवा केला, सेफलाइटचा, म्हणजे फिल्मला न दिसणाऱ्या दिव्याचा, बल्ब कमी वॅटचा लावला. फरक शून्य. शेवटी मी रजिस्टर घेऊन बसलो आणि खराब फिल्मसमोर वेळ लिहीत गेलो. सगळ्या दुपारी चार ते पाचच्या दरम्यान धुतलेल्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी चार वाजता दार लावून, सगळे दिवे बंद करून स्टुलावर बसून राहिलो. पहिली पाच मिनिटं काही दिसेना. मग पश्चिमेच्या भिंतीतल्या एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांमागे एक बारीक तांबूस रेघ दिसायला लागली. उन्हं उतरली की सूर्य बरोबर त्या झडपेसमोर यायचा आणि उजेड पात्यांवरून परतून आत शिरायचा. पत्र्याची वाकडी नळी बसवली आणि फॉग गेला.

यातून दोन सवयी लागल्या. एक, डार्करूम तपासायची तर आत जाऊन किमान दहा मिनिटं बसायचं. डोळे पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो, पण दहा मिनिटांत मोठी भोकं दिसतात. दोन, सेफलाइटची नाणे-चाचणी. फिल्म टेबलावर ठेवा, वर रुपयाचं नाणं ठेवा, सेफलाइटखाली नेहमी लागतो त्याच्या दुप्पट वेळ राहू द्या, मग धुवा. नाण्याचा गोल दिसला तर दिवा सेफ नाही. ही चाचणी कोऱ्या फिल्मवर करू नका. फिल्मला आधी हलकं एक्स्पोजर द्या. एक्स्पोज झालेली फिल्म उजेडाला जास्त नाजूक होते, आणि रोजच्या कामात आपण हाताळतो ती एक्स्पोज झालेलीच असते. कोऱ्या फिल्मवर पास झालेले कितीतरी दिवे खऱ्या कामात नापास होतात.

आणि हो, फिल्मच्या डार्करूमच्या भिंती काळ्या रंगवायची गरज नसते. बांधकामवाल्यांना हे पटवताना तोंडाला फेस येतो. बाहेरचा उजेड आत येतच नसेल तर भिंत पांढरी असली म्हणून काय बिघडतं? उलट सेफलाइटचा उजेड पसरतो आणि काम सोपं होतं. काळा रंग लागतो तो आत यायच्या वळणावळणाच्या बोळाला, जिथे दाराऐवजी भिंतीच उजेड अडवतात.

आता ज्या कामावर माझं घर चाललं ते: इंडस्ट्रियल रेडिओग्राफी, साइटवरच्या भाषेत आरटी. बॉयलर, प्रेशर व्हेसल, पाइपलाइन, जाड कास्टिंग यांच्या पोटात काय आहे ते फोडल्याशिवाय बघायचं तर एक्स-रे किंवा गॅमा किरण. साइटवर बहुधा इरिडियम-192 चा किरणोत्सारी सोर्स असतो. त्याचं अर्धायुष्य 74 दिवसांचं, तेवढ्यात त्याची ताकद निम्मी होते, म्हणजे अडीच महिन्यांनी एक्स्पोजरची वेळ दुप्पट. फार जाड पोलादाला कोबाल्ट-60, त्याचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं. इथेही डिजिटल आलं आहे, पण फिल्म अजून भरपूर चालते. साइटवर नेणं सोपं, वाकड्या पाइपाला गुंडाळता येते, आणि दहा वर्षांनी कुणी विचारलं तर कपाटातून काढून दाखवता येते.

पश्चिम महाराष्ट्रात या कामाचा आमचा मोठा मोसम म्हणजे साखर कारखान्यांचा बंद काळ. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत बॉयलरच्या ट्यूबा, हेडर दुरुस्त होतात आणि बॉयलर कायद्याखालच्या जोडांचे एक्स-रे लागतात. दिवसा तिथे शेकडो माणसं, म्हणून शूटिंग, म्हणजे एक्स-रे काढणं, रात्री. दोर बांधायचे, लाल दिवे लावायचे, किरण मोजणारा सर्व्हे मीटर हातात, छातीला आपल्या अंगावर किती किरण पडले ते नोंदवणारा टीएलडी बॅज. एखादी रिकामी खोली मिळाली तर तीच डार्करूम. खिडक्यांना काळं प्लास्टिक, फटींना टेप. एका कारखान्यात आम्हाला चिपाडाच्या ढिगाजवळची खोली दिली होती. चिपाडाचा भुसा ओल्या फिल्मवर बसायचा आणि वाळल्यावर बारीक तंतूंसारखा दिसायचा. दोन रात्री फुकट गेल्या, मग फिल्म वाळवायला मच्छरदाणी बांधली.

चार बाय पंधरा इंची फिल्म, पुढे-मागे शिशाचे पातळ पत्रे, सगळं काळ्या पाकिटात. अंधारात हे भरताना नवी पोरं घाई करतात. फिल्म एका हाताने उचलली की ती अंगठ्यापाशी मुडपते, आणि धुतल्यावर तिथे नखाएवढी चंद्रकोर उमटते. एक्स्पोजरच्या आधी मुडपली तर कोर फिकट येते, नंतर मुडपली तर गडद. माझ्याकडच्या एका पोराच्या अशा गडद कोरीवरून ग्राहकाच्या इन्स्पेक्टरने जोडाला तडा आहे असं ठरवलं होतं, ग्राइंडर आणायला माणूस निघालाही होता. मी फिल्म व्ह्यूअरवरून, म्हणजे मागून उजेड देणाऱ्या पेटीवरून, उतरवली आणि तिरपी धरून वरून टॉर्च मारला. फिल्मच्या पृष्ठभागावर सुरकुती लख्ख दिसली. तडा लोखंडात असतो, तो फिल्मच्या कातडीवर कसा दिसेल? तरी त्यांच्या समाधानासाठी जोड पुन्हा शूट केला, या वेळी पाकिटात दोन फिल्म घालून. खरा दोष दोन्हींवर एकाच जागी येतो. काहीच आलं नाही. तो जोड कापला असता तर बॉयलर चार दिवस उशिरा पेटला असता, आणि बिल कुणाच्या नावावर फाटलं असतं ते सांगायला नको. थंडीत हवा कोरडी असली की आणखी एक गंमत होते: फिल्म कागदातून झटकन ओढली की स्थिर विजेची ठिणगी पडते आणि धुतल्यावर फांद्या फुटलेलं झाड उमटतं. हळू ओढा, एवढंच औषध.

वेल्डिंगची फिल्म वाचायची खोलीही अंधारीच लागते, आणि इथून अंधार डोळ्यांसाठी होतो. गॅमाने काढलेल्या फिल्मचा काळेपणा, म्हणजे डेन्सिटी, 2 ते 4 च्या मध्ये हवा असा बॉयलरच्या कामात नियम असतो. डेन्सिटी 2 म्हणजे मागच्या उजेडाचा शंभरावा भाग पलीकडे येतो, 4 म्हणजे दहा हजारावा. एवढ्या काळ्या फिल्ममधली केसाएवढी रेघ बघायची तर व्ह्यूअर प्रखर हवा आणि खोली मंद. खिडकीतून ऊन येणाऱ्या केबिनमध्ये बसून फिल्म पास करणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या सहीवर मी तरी विसंबत नाही.

चाकण-भोसरी पट्ट्यातल्या फोर्जिंगच्या कारखान्यांत गेलात तर काळ्या पडद्यांची एक टपरीवजा खोली दिसेल. आत फिल्म नावालाही नसते. क्रँकशाफ्टवर चमकणारे चुंबकीय कण किंवा पेनिट्रंट, म्हणजे तड्यांत शिरणारं द्रव, लावलेलं असतं आणि 365 नॅनोमीटरच्या काळ्या, म्हणजे अतिनील, दिव्याखाली तडे पोपटी रेघेसारखे उजळतात. तिथे दृश्य प्रकाश 20 लक्सच्या वर नको, आणि तपासणाऱ्याने काम सुरू करण्याआधी डोळे सरावायला पाच मिनिटं आत थांबायचं असतं. उन्हात काळा होणारा चष्मा घालून तपासणी करायला मनाई असते, कारण काळ्या दिव्यानेही तो गडद होतो. पाच मिनिटं थांबण्याचा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. सुपरवायझरला वाटतं माणूस आराम करतोय.

डोळ्यांच्या ओपीडीतली अंधारी खोली तुम्ही पाहिली असेलच. रेटिनोस्कोपी, ऑफ्थॅल्मोस्कोपी, स्लिट लॅम्प हे सगळं तिथे होतं. पडद्याची विद्युत तपासणी, ईआरजी, करताना तर रुग्णाला आधी 20 मिनिटं काळोखात बसवतात. त्वचारोगवाले वुड्स लॅम्प अंधारातच लावतात, त्यात कोडाचा डाग निळसर पांढरा उजळतो. गुन्ह्याच्या जागी धुऊन टाकलेलं रक्त शोधायला ल्युमिनॉल फवारतात. त्याची निळी चमक थोडाच वेळ टिकते, म्हणून आधी खोली काळी करतात. हॅचरीत अंडी दिव्यावर धरून बघतात, त्याला कँडलिंग म्हणतात. न फळलेलं अंडं आरपार दिसतं. गाड्यांच्या हेडलाइटची चाचणी 25 मीटर लांबीच्या काळ्या बोगद्यात होते, पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थांत. तिथे मात्र भिंत खरोखर काळी लागते, तीही बिनचमकीची, कारण परावर्तित उजेड मोजमापात शिरतो. माझ्या पांढऱ्या भिंतीचा सल्ला तिथे देऊ नका.

तिसरा एक प्रकार आहे, ज्याला कुणी डार्करूम म्हणत नाही: पिवळी खोली. लग्नपत्रिका छापणारा स्क्रीन प्रिंटर जाळीवर इमल्शन, म्हणजे उजेडाला नाजूक असलेला थर, चढवतो ते पिवळ्या दिव्यात, बरेच जण ट्यूबलाइटला पिवळा जिलेटिन कागदच गुंडाळतात. उजेड लागलेला भाग कडक होतो, बाकीचा पाण्याने धुऊन जातो, आणि अक्षरं मोकळी होतात. इचलकरंजीच्या कापडछपाईची स्क्रीन असो, पीसीबी असो की सेमीकंडक्टरची चिप, तत्त्व हेच. जुन्या पद्धतीच्या इमल्शनमध्ये डायक्रोमेट असतं, ते विषारी आहे, हातमोजे घाला आणि पाणी गटारात सोडू नका.

विज्ञानातलंही एक सांगतो. 1950 च्या दशकात मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) बर्नार्ड पीटर्स यांचा गट जाड इमल्शनचे थर फुग्यांबरोबर आकाशात पाठवायचा. वैश्विक किरणांच्या कणांचे माग त्यात उमटायचे आणि ते डार्करूममध्ये धुऊन मायक्रोस्कोपखाली वाचायचे. आपण आज लावतो त्या टीएलडीच्या आधी किरणोत्सारात काम करणाऱ्यांच्या छातीला फिल्मचा बॅज असायचा, तोही दर वेळी धुवावा लागे. आणि फिल्म बनवणारा कारखाना म्हणजे तर अख्खी इमारतच डार्करूम. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्समधून ‘इंदू’ नावाने येणारे एक्स-रेचे डबे मी स्वतः फोडले आहेत.

आता तुमचं. फक्त हॉस्पिटलात नोकरी करायची असेल तर डार्करूम तुम्हाला क्वचित लागेल, खोटं कशाला बोलू. पण एनडीटीकडे, म्हणजे वस्तू न फोडता तपासण्याच्या कामाकडे, वळलात तर पहिल्याच दिवशी लागेल. त्यासाठी आरटीचं लेव्हल टू प्रमाणपत्र आणि एईआरबीला, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाला, मान्य असलेलं रेडिओग्राफरचं प्रशिक्षण लागतं, आणि तुमचा किरणसुरक्षेचा अभ्यास तिथे चालतो. काम रात्रीचं, फिरतीचं आहे, घरच्यांना आधी सांगून ठेवा.

कॉलेजात डार्करूम उघडी आहे तोवर एक खराब फिल्म मागून घ्या आणि डोळे मिटून हँगर भरायचा सराव करा, पन्नास वेळा. फिल्म दोन्ही हातांनी, कडांना धरून. मोबाइल आणि चमकणाऱ्या काट्यांचं घड्याळ बाहेर ठेवा. खिशात वाजलेल्या एका फोनने माझी बारा जोडांची रात्र घालवली आहे. मेटॉल असलेली डेव्हलपरची पावडर आतल्या खोलीत ढवळू नका, धूळ फिल्मवरही बसते आणि हाताला पुरळही उठतो. एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा, पण आधी दुपारी चार वाजता दिवा घालवून त्याच्या पात्यांकडे दहा मिनिटं बघत बसा.